कर्लीच्या मुखाशी तीन सकाळी, रबरी आमिष घेऊन

मालवणजवळच्या देवबागला एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी, मधे माडांची चिंचोळी पट्टी. रबरी आमिषाने (ज्याला गळवाले सरसकट 'सॉफ्ट बेट' किंवा नुसतं 'रबर' म्हणतात) खाऱ्या पाण्यात पहिल्यांदा गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, ही जागा फार सोयीची आहे. होडीने अर्ध्या तासाच्या आत वाळूचा तळ, खडपं आणि कांदळाच्या मुळ्या असं तिन्ही हाताशी येतं, आणि खाडीत लाटा नसल्यामुळे दोर काय सांगतोय ते कळतं. उघड्या समुद्रकिनाऱ्यावर शिकायला गेलात तर पहिले आठ दिवस फक्त लाटांचे धक्केच 'मासा, मासा' म्हणून ओढत बसाल.

सहल नोव्हेंबरअखेरची, वद्य चतुर्थी ते षष्ठी. तिथी मुद्दाम धरली होती. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या आसपास ओहोटी. मालवणकडे भरती मुंबईपेक्षा जरा आधी येते, म्हणून या हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. निघण्याआधी छापील वेळापत्रक बघावंच. खाडीच्या मुखाशी ओहोटीचा उत्तरार्ध सगळ्यात कामाचा. कांदळात भरतीबरोबर वर गेलेली कोळंबी आणि बारीक मासळी पाणी उतरताना बाहेर ओढली जाते आणि तांबोशी, जिताडा तिची वाट अडवून बसलेले असतात. उजाडायची वेळ आणि हा उत्तरार्ध एकत्र आले की सकाळ साधते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, प्रवाह मंद, मासे सुस्त. अमावास्या-पौर्णिमेच्या ऐन उधाणात उलट पाणी इतकं पळतं की नवख्याच्या हाताला तळ लागत नाही. म्हणून उधाणानंतरचे चौथा ते सहावा दिवस.

साहित्य फार लागत नाही. सात फुटी स्पिनिंग रॉड, ७ ते २८ ग्रॅम फेकणारा, टोकाकडे चटकन वाकणारा. २५०० किंवा ३००० मापाचं रील. १५ पौंडी ब्रेड (विणलेला दोर) १५० मीटर. पुढे एक मीटर फ्लुओरोकार्बनचा लीडर, म्हणजे आमिषाकडचा शेवटचा दोर. लीडर वाळूवर २० पौंडी चालतो, खडपांजवळ ३० पौंडी हवा, कारण खडपांवरची कालवं पातळ दोर सुरीसारखी कापतात. नवखे ब्रेड जाड घेतात, मासा तोडेल म्हणून. मासा तोडत नाही, पण जाड दोरावर प्रवाहाचा जोर बसून त्याला पोट सुटतं आणि आमिष तळापासून उचललं जातं. रील भरताना आधी पाच-सहा मीटर नायलॉन गुंडाळा, नाहीतर सगळा ब्रेड स्पूलवर (रीलच्या रिळावर) जागच्या जागी फिरतो आणि ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, सैल असल्याचा भास होतो. कडेपासून दोन मिलिमीटर खाली थांबा.

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ उत्तम, पण हलत्या होडीत ती बांधणं हे वेगळं शास्त्र आहे. सुरुवातीला डबल युनी पुरते: ब्रेडचे आठ वेढे, लीडरचे चार, आणि आवळण्याआधी थुंकीने ओली. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापते आणि पहिल्याच जड माशाला सुटते. जिगहेडला (शिशाचं डोकं असलेल्या गरीला, म्हणजे हुकाला) मात्र छोटा फासा ठेवणारी गाठ मारा. तीस पौंडी लीडर कसून बांधला तर आमिष काठीसारखं ताठ होतं.

आता रबर गरीला लावणं. निम्मी फजिती इथेच होते. जिगहेड रबराच्या बाजूला धरा, गरीचा बाक जिथे संपतो तिथे नखाने खूण करा. नाकाच्या बरोबर मधून टोक आत घाला, सरळ रेषेत पुढे सरकवा, खुणेपाशी पाठीच्या मध्यरेषेवर बाहेर काढा. डोकं शिशाला भिडलं पाहिजे आणि पाठ सपाट हवी. कुबड आलं तर काढून पुन्हा लावा. 'चालतंय' म्हणून टाकलेलं वाकडं रबर पाण्यात गरगर फिरतं, दोराला पीळ बसतो आणि दहाव्या फेकीला ब्रेडचं घरटं होतं. शिशामागच्या मानेवर सुपरग्लूचा एक थेंब दिला की रबर घसरत नाही. तीन इंची रबराला १/० किंवा २/०, चार इंचीला ३/०, पाच इंचीला ४/० किंवा ५/० गरी. मोठी गरी शेपटीची हालचाल मारते, छोटी गरी माशाच्या तोंडात पोचत नाही.

रबरं मूळ पाकिटातच सपाट ठेवा. गाडीच्या डिकीत तापून शेपटी वाकडी झाली तर अर्धा मिनिट गरम पाण्यात, मग थंड पाण्यात, सरळ होते. ताणली तर हातभर लांबणारी, चिवट टीपीईची रबरं साध्या पीव्हीसीच्या रबरांसोबत एका डबीत ठेवू नका. दोन दिवसांत सगळ्याचा एकच चिकट गोळा होतो.

पहिल्या दिवशी सव्वासहाला होडी निघाली. पाणी जोरात बाहेर धावत होतं, खोली तीन मीटर. सात ग्रॅमचं जिगहेड टाकून बारा आकडे मोजले तरी तळ नाही. तेच चौदा ग्रॅमवर सहाव्या आकड्याला दोर सैल पडला, म्हणजे तळ. रबराने गरवण्यातली सगळी मेख इथे आहे, आणि दुकानात रंगांवर तासभर घालवणारे नेमकी हीच विसरतात. अमुक खोलीला अमुक ग्रॅम असा कायमचा तक्ता नसतो. त्या घटकेच्या प्रवाहाला तळ गाठणारं सगळ्यात हलकं वजन शोधायचं, आणि प्रवाह बदलला की तेही बदलायचं. तीन मीटरला पाच ते आठ आकड्यांत तळ लागावा. तिसऱ्यालाच लागला तर आमिष दगडासारखं पडतंय, मासा त्याच्याकडे बघेल पण धरणार नाही, आणि खडपात अडकेलही आधी. दहा होऊनही लागला नाही तर तुम्ही हवेत गरवताय असं समजा.

तिन्ही दिवस वजनांचा क्रम जवळजवळ सारखाच राहिला. पहिल्या दिवशी साडेसहा ते साडेसात चौदा ग्रॅम, त्यानंतर दहा, साडेआठपासून सात, आणि पाणी थबकलं तेव्हा पाच. लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे वेळापत्रकातली ओहोटीची वेळ झाली तरी मुखाशी पाणी आणखी अर्धा-पाऊण तास बाहेर जात राहतं. घड्याळ बघून वजन बदलू नका, दोर बघून बदला. म्हणून पाच, सात, दहा आणि चौदा ग्रॅम अशी चारही जिगहेडं हवीत, प्रत्येकी पाच तरी. रबरांचे तीन प्रकार पुरतात: तीन इंची वल्ह्यासारख्या शेपटीचं, चार इंची सरळ शेपटीचं आणि एखादं कोळंबीच्या आकाराचं. रंगाचं थोडक्यात: पाणी गढूळ तर काळपट किंवा सोनेरी, नितळ तर अर्धपारदर्शक. पावसाळ्यानंतर खाडी नितळायला ऑक्टोबर उजाडतो. त्याआधी तांबड्या पाण्यात पैसे घालवू नयेत.

फेक प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकी. पाणी डावीकडून उजवीकडे जात असेल तर डावीकडे टाका, म्हणजे आमिष खाली जात जात तुमच्या समोर येईल. खालच्या अंगाला टाकलंत तर प्रवाह दोर ताणून आमिष वर उचलतो. फेकल्यावर बेल (रीलवरची तारेची कमान) हाताने बंद करा, रीलचं हँडल फिरवून नाही, आणि दोर एकदा बोटांनी ओढून घ्या; सैल वेढे अडकून होणाऱ्या गाठींपैकी बहुतेक इथेच टळतात. तळ लागला की रॉडचं टोक घड्याळातल्या नऊवरून अकरावर, दोन छोट्या हिसक्यांत. मग टोक खाली आणत सैल दोर गुंडाळा आणि आमिषाला पुन्हा तळापर्यंत पडू द्या. मासा बहुधा या पडण्यातच घेतो. त्यामुळे पडताना दोर ताठही नको आणि लोंबताही नको. 'टक्' असा ठोका आला तर उत्तमच, पण पुष्कळदा दोर नुसता बाजूला सरकतो किंवा सहाव्या आकड्याला लागणारा तळ तिसऱ्यालाच 'लागतो'. तो तळ नव्हे. झटकन रॉड उचला.

ड्रॅग दोराच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाला. पंधरा पौंडी ब्रेडला पावणेदोन किलो, साध्या काट्याने मोजून. अंदाजाने लावलेला ड्रॅग बहुतेकांचा एकतर निम्मा असतो नाहीतर दुप्पट. तांबोशीचा एक अपवाद: ती घेतल्या घेतल्या बिळाकडे वळते, तिला पहिले दोन मीटर द्यायचे नाहीत. मुळ्यांजवळ स्पूलवर तळवा ठेवून ड्रॅग तेवढ्यापुरता वाढवावा. अशा जागी उघड्या गरीचं जिगहेड टाकणं म्हणजे कांदळाला दागिने घालणं. पोटाशी वजन असलेली ऑफसेट गरी घ्या आणि तिचं टोक रबराच्या पाठीत लपवा.

तीन सकाळींचा हिशोब: तांबोशी चार, सगळ्यात मोठी पाऊण किलोची, सगळ्या खडपांच्या कडेला आणि सगळ्या आठच्या आत. जिताडा एक, दीड किलोच्या आसपास, कांदळातून एक ओहोळ खाडीत उतरतो त्याच्या तोंडाशी. छोटे गोबरे, शिंगाळे, आणि वाळूवर पाच ग्रॅमला दोन मुडदुश्या. शिवाय केंडांनी (फुगणाऱ्या माशांनी) एकोणीस शेपट्या नेल्या. शेपटी चंद्रकोरीसारखी सफाईने कापलेली आली की ते केंड. जागा सोडा, रंग किंवा आकार बदलून उपयोग नाही, त्यांना सगळंच आवडतं. चिवट टीपीईची रबरं तिथे जरा जास्त टिकतात, इतकंच.

शिंगाळा हाताने धरू नका. पाठीवरचा एक आणि दोन्ही बाजूंचा एकेक असे तीन काटे असतात. चिमट्याने गरी सोडवा. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, ४५ अंशांच्या वर नाही, आणि मग डॉक्टर गाठा. उथळ वाळूत उतरलात तर पाय उचलून न टाकता घासत चाला. म्हणजे वाळूत लपलेली, शेपटीला काटा असलेली पाकटं पायाखाली येत नाहीत. मोठा जिताडा लागला तर ती बहुधा मादी असते, कारण हा मासा आधी नर असतो आणि पुढे वाढल्यावर मादी होतो. गाभोळीची मोठी मादी सोडून द्यावी असं आमचं मत. ताटासाठी किलो-दोन किलोचा पुरतो, चवीलाही तोच बरा.

कोणाच्या पाण्यात आहोत याचं भान हवं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागत असेल तर तिथून बाजूला व्हा, जाळ्यांच्या खुणेच्या बोयांवरून आमिष ओढू नका. होडीवाल्याला आदल्या संध्याकाळी विचारलं की जाळी कुठे आहेत ते तो नेमकं सांगतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे आणि त्याचं गाभा क्षेत्र सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास. तिकडे रॉड घेऊन जायचा विचारच नको. मुखाच्या अगदी तोंडाशी, जिथे खाडीचं उतरतं पाणी समुद्राच्या लाटेला भिडतं, तिथे छोटी होडी नेऊ नका, मासे कितीही उड्या मारोत. लाइफ जॅकेट अंगावर, फळीखाली नव्हे.

नऊ-साडेनऊनंतर त्सुनामी बेटाकडे पर्यटकांच्या बोटी सुरू होतात आणि खाडीतलं गरवणं संपतं. म्हणून होडी ठरवताना 'सहा ते साडेनऊ' असं स्पष्ट बोलून घ्या, आणि 'गरवायला' हेही. नाहीतर डॉल्फिन दाखवायच्या फेरीचा भाव आणि वेग दोन्ही लागतील. रेल्वेने कुडाळ, तिथून एसटीने मालवण, पुढे रिक्षाने देवबाग. चिपीला विमानाने येणाऱ्यांनी गऱ्या, जिगहेडं आणि चिमटा चेक-इन सामानात टाकावा. राहायला घरगुती निवास भरपूर आहेत. पहाटे साडेपाचला चहा मिळेल का, हे मात्र आधी विचारा.

खोलीवर परतल्यावर रॉड-रील गोड्या पाण्याने धुवायचं. जोराची धार नको, ती मीठ आत ढकलते. धुताना ड्रॅग घट्ट, वाळवताना सैल. वापरलेली जिगहेडं ओली तशीच डबीत टाकलीत तर एका रात्रीत शेजारच्या कोऱ्या गऱ्याही गंजतात. त्यांच्यासाठी वेगळी डबी ठेवा आणि झाकणाला दोन भोकं पाडा.