एका शहाचा गोतावळा

मेल चेक करायचा, चेक्सचा शर्ट घालायचा, बँकेत चेक टाकायचा आणि मुलुंड चेकनाक्याला रिक्षा सोडायची. एका शब्दाला इतके अर्थ दिसले की ही सगळी नुसती आडनावबंधू मंडळी असावीत असं वाटतं. इंग्रजीत तसं असतंही. क्रिकेटची मॅच आणि काडेपेटीतली मॅच यांचं एकमेकींशी काहीही नातं नाही.

चेकचं मात्र तसं नाही. या सगळ्यांचा मूळपुरुष एकच, आणि तोही थेट इराणचा शहा.

आपलं चतुरंग, म्हणजे जुनं बुद्धिबळ, इराणात गेलं आणि राजावर हल्ला झाला की खेळाडू ‘शाह!’ म्हणून बजावू लागले. अरबांच्या मार्फत खेळ युरोपात पोचला, फ्रेंचांनी त्या शाहचं ‘एशेक’ केलं, इंग्रजांनी ‘चेक’. खुद्द ‘चेस’ म्हणजे याच शब्दाचं अनेकवचन. राजाला शह बसला की त्याची वाट अडते, म्हणून चेक म्हणजे अडवणं, आवर घालणं. अडवलं की तपासणी आलीच. चेकनाक्यावरच्या ट्रकवाल्याला हे दोन्ही अर्थ एकदमच कळतात.

शर्टावरच्या चौकटी पटावरून उतरल्या, हे सांगायला नको. खरी मजा आहे ती इंग्लंडच्या खजिन्यात. बाराव्या शतकात तिथे राजाचा वसूल मोजायला दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद टेबल असे. त्यावर रेघा आखलेलं काळं कापड. रोमन आकड्यांत हिशेब करणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून पेन्स, शिलिंग, पौंड यांचे रकाने पाडून त्यांत सोंगट्या सरकवायच्या. एका बाजूला वसूल घेऊन आलेला, घाम फुटलेला (असं आपलं मला वाटतं) शेरीफ, समोर खजिनदार. या पद्धतीवर त्याच काळात पुस्तक लिहिणाऱ्या रिचर्ड फिट्झनीललाही हा दोघांमधला बुद्धिबळाचा डावच वाटला होता. बुद्धिबळाच्या पटासारख्या या टेबलाचं नाव खात्याला चिकटलं: एक्स्चेकर. ब्रिटनचा अर्थमंत्री अजून त्याच नावाने ओळखला जातो.

या खात्याच्या पावत्या म्हणजे खाचा पाडून उभ्या चिरलेल्या लाकडी काड्या. एक भाग देणाऱ्याकडे, दुसरा घेणाऱ्याकडे. पद्धत बंद झाल्यावर उरलेल्या काड्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी संसदेच्या तळघरातल्या भट्ट्यांत घातल्या, आणि त्या आगीत संसदच जळाली! जुनी रद्दी काढताना कारकुनांनी इतका उत्साह क्वचितच दाखवला असेल.

बँकेचा चेक आधी स्थळप्रतीचं, म्हणजे मूळ कागद फाडून दिल्यावर मागे उरणाऱ्या तुकड्याचं, नाव होता. खाडाखोड, अफरातफर यांना आळा घालणारा, म्हणून चेक. पुढे ते नाव मुख्य कागदानेच पळवलं. ब्रिटिशांनी एक्स्चेकरच्या वळणाने त्याचं स्पेलिंग फिरवलं, अमेरिकनांनी साधंच ठेवलं.

मराठीत हा राजा दोनदा आला. फारसीतून ‘शह’ होऊन, मग इंग्रजांबरोबर ‘चेक’ होऊन. ‘विरोधकांना शह द्यायचा तर उमेदवार नीट चेक करून घ्या’, या एका वाक्यात तो दोन वेशांत बसलेला असतो. घरात पट मांडून बसलेली मुलं तर आता शह म्हणतच नाहीत, ‘चेक!’ म्हणून ओरडतात.

चेक देशाचा या गोतावळ्याशी संबंध नाही, ते नाव स्लाव्ह लोकांचं. पण बुद्धिबळाचा पहिला अधिकृत जगज्जेता विल्हेल्म स्टाइनिट्झ जन्मला तो प्रागमध्येच.