सहायक प्राध्यापकाचा अर्ज: टपालाने की ऑनलाइन?

नाशिकमधली बहुतेक वरिष्ठ महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रात येतात आणि पुष्कळदा अर्ज कागदावरच मागवतात. केंद्रीय विद्यापीठांसाठी मात्र यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) सीयू-चयन हे ऑनलाइन अर्जाचं पोर्टल २०२३ पासून आहे. त्यामुळे कागद की ऑनलाइन, हे बहुतेक वेळा जाहिरातच ठरवते. मी तिच्यात आधी तीन गोष्टी शोधते. शेवटच्या तारखेला अर्ज पाठवायचा आहे की पोहोचायला हवा? ऑनलाइन भरल्यावर छापील प्रतही हवी आहे का? राखीव प्रवर्गाच्या उमेदवाराने एक प्रत विद्यापीठाच्या आरक्षण कक्षालाही पाठवायची आहे का? ही शेवटची सूचना बारीक अक्षरात असते आणि हमखास नजरेतून सुटते.

ईमेल आणि टपाल दोन्ही चालत असतील तर मी कागद निवडते. जीमेलवर २५ एमबीच्या वर गेलेली जोडणी ड्राइव्हच्या लिंकने जाते, आणि लिंक सर्वांसाठी खुली केलेली नसेल तर कार्यालयात ती उघडत नाही. शिवाय तिथे कुणीतरी ते कागद छापणार, तेव्हा क्रम टिकेलच असं नाही. आणि क्रमाला फार महत्त्व आहे. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत महाविद्यालयांसाठी छाननीचा गुणतक्ता आहे: पदवी, पदव्युत्तर, पीएचडी, नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे ८, सेट या राज्य पातळीवरच्या परीक्षेचे ५, अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला २ आणि जास्तीत जास्त १०. छाननी करणारा एकेक ओळ भरत जातो, म्हणून कागदही त्याच क्रमाने लावावेत आणि प्रत्येक पानावर क्रमांक टाकावा. वर्षापेक्षा कमी अनुभवाचे गुण त्या प्रमाणात कमी होतात, तेव्हा अनुभवपत्रावर रुजू झाल्याची आणि कार्यमुक्तीची तारीख हवीच. तासिका तत्त्वावर (तासांप्रमाणे मानधनावर) शिकवलं असेल तर विद्यापीठाचं मान्यतापत्र त्याच्या लगेच मागे. जातीच्या दाखल्यामागे जात वैधता प्रमाणपत्र, त्यामागे लागू असेल तर नॉन-क्रीमी लेअर. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत सगळ्यांत वर, नाहीतर दोन नावांचे कागद दोन माणसांचे वाटतात.

पाकिटावर पद, विषय, प्रवर्ग आणि जाहिरातीची तारीख ठळक लिहावी. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरच्या महाविद्यालयात अर्ज हाती दिलेला बरा: आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. बाहेरगावी स्पीड पोस्ट. पावतीवरच्या १३ अक्षरी क्रमांकाने तपासून, पाकीट पोहोचल्याचं दिसलं की स्क्रीनशॉट काढून ठेवते.

ऑनलाइनमध्ये खरा त्रास स्कॅनचा. फाइल मर्यादेत बसवण्यासाठी लोक इतकी दाबतात की वैधता प्रमाणपत्राचा क्रमांकच वाचता येत नाही. मी २०० डीपीआयवर, करड्या छटेत स्कॅन करते आणि अपलोड करण्याआधी मोबाइलवर उघडून बघते. मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये, युनिकोडमध्ये टंकावा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मराठी मजकूर पोर्टलवर चिकटवला की त्याची निरर्थक अक्षरं होतात. सीजीपीएची (श्रेणी-गुणांच्या सरासरीची) टक्केवारी स्वतःच्या अंदाजाने काढू नये. ज्या विद्यापीठाची पदवी, त्याचंच सूत्र वापरावं आणि ते छापलेलं पानही जोडावं. शुल्क कापलं गेलं पण अर्ज प्रलंबित दिसतोय, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नये. व्यवहार क्रमांक जपून ठेवून आधी पोर्टलवरची स्थिती तपासावी. हे सगळं निस्तरायला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवूच नये.

ऑनलाइन भरून छापील प्रतही मागतात, तिथे सर्वांत जास्त अर्ज बाद होण्याची भीती असते, कारण दोन्हींच्या अंतिम तारखा वेगळ्या असतात. छापील प्रत पोर्टलवरूनच काढावी, घरी पुन्हा टंकू नये. दोन्हींत एक तारीख जरी वेगळी आली तरी छाननीत शंका निघते. प्रत्येक पानावर स्वाक्षरी, साक्षांकन स्वतःचं.

आधीच नोकरीत असाल तर अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे सध्याच्या संस्थेमार्फत द्यावा लागतो. संस्थेच्या ना-हरकतीला उशीर होणार असेल, तर 'आगाऊ प्रत' असं वर लिहून एक प्रत मुदतीत पाठवावी आणि ना-हरकत मुलाखतीला सोबत न्यावी. हे चालतं का, तेवढं जाहिरातीत पाहून घ्यावं.