सोलापुरात बसून गेम विकत घेताना

पुतण्याला दहावीला चांगले मार्क पडले. दादानं खूश होऊन त्याला दोन हजार रुपये दिले, तुला पाहिजे ते घे म्हणाला. पोरगं नवी पेठेत न जाता थेट वरच्या मजल्यावर माझ्याकडे आलं. "काका, गेम घ्यायचीय. स्टीमवर घेऊ का एपिकवर?" ही दोन्ही कॉम्प्युटर गेमची ऑनलाइन दुकानं. खालून दादाचा आवाज आला, "दोन हजार घालून हातात काय येतंय बे? डबा नाही, सीडी नाही."

दादा गेम खेळत नाही, पण मुद्द्याचा प्रश्न त्यानंच विचारला. किंमत कुठं कमी आहे ते पाच मिनिटांत बघता येतं. हातात काय येतंय, हे पोराला नीट समजावून सांगायला मला दोन दिवस लागले. सांगता सांगता माझ्याही डोक्यात बऱ्याच गोष्टी जागेवर बसल्या, म्हणून लिहून ठेवतोय.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. वडीलही ह्याच धंद्यातले, चादरीचे. ते ग्राफवर नक्षी भरायचे, मग त्यावरून जेकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी, भोकांची कार्डं पंच करायचे. ती कार्डं दोरीनं ओवून आमच्या माळ्यावर ठेवलेली असायची. वीस वर्षांनी काढा, झटका, मागावर चढवा, मोर तसाच्या तसा उतरणार. आमच्या पिढीत हे सगळं कॉम्प्युटरवर आलं. आधीच्या कारखान्यात आम्ही जे सॉफ्टवेअर वापरायचो त्याला मागं डोंगल, म्हणजे किल्लीसारखं छोटं यंत्र, लावावं लागायचं. एके दिवशी ते डोंगल बिघडलं. विकणाऱ्यांनी गाशा गुंडाळलेला, फोन कुणी उचलेना. तीनशेच्या वर डिझाइनं, सगळी आमच्याच हातची, समोर दिसतायत पण उघडत नाहीत. त्या दिवसापासून कुठलीही डिजिटल वस्तू घेताना मी आधी कुलूप कुठं आहे ते बघतो.

गेमच्या बाबतीतही असंच झालं होतं. २०११ मध्ये एका दुकानातून मी डीव्हीडी घेतली, नऊशे रुपयांना. खोक्यावर कोड छापलेला. तो कोड कंपनीच्या सर्व्हरवर तपासला जायचा, मगच गेम सुरू. तेव्हा दोनदा खेळलो. काही वर्षांनी पुन्हा टाकायला गेलो तर तो सर्व्हरच बंद झालेला. खोकं अजून कपाटात आहे. म्हणजे दादा, डबा आणि सीडी असूनही हातात काही नसतं, असंही होतं.

आता दुकानांकडे येतो.

स्टीम सर्वांत जुनं आणि सर्वांत मोठं. व्हॉल्व्ह कंपनीनं २००३ साली सुरू केलं. आपल्यासाठी मात्र खरी सुरुवात नोव्हेंबर २०१५ ची, कारण तेव्हा तिथं रुपयांत किमती आल्या. त्याआधी डॉलर मोजावे लागायचे, आणि माझ्या बँकेचं डेबिट कार्ड तिथं चालायचंच नाही. मित्राच्या पुण्यातल्या भावाचं क्रेडिट कार्ड, त्याला इथून पैसे पाठवायचे, एवढा खटाटोप. आता यूपीआयनं दोन मिनिटांत काम होतं. आणि रुपयांत किंमत आली म्हणजे नुसतं डॉलरचं भाषांतर झालं असं नाही. बरेच लहान स्टुडिओ भारतासाठी मुद्दाम कमी किंमत लावतात. मोठ्या कंपन्यांच्या नव्या गेम मात्र चार-पाच हजारांना असतात, त्यांच्या वाटेला मी सेल लागल्याशिवाय जात नाही.

स्टीमची मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे परतावा. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेली असेल तर पैसे परत. आमच्या घरच्या मशीनमध्ये ४ जीबीचं जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, त्यामुळे कुठली गेम चालेल आणि कुठली अडखळेल ह्याचा भरवसा नसतो. मी पोराला सांगितलं, पहिला तास गोष्टीत रमायचं नाही. गर्दीच्या जागी जायचं, सेटिंग खालीवर करून बघायचं, मशीनच्या पंख्याचा आवाज ऐकायचा. डाउनलोडचा वेळ ह्या दोन तासांत धरत नाहीत, त्यामुळे आपलं नेट रडतखडत चाललं तरी चिंता नाही. शिवाय तिथल्या परीक्षणांत लोक आपापलं कार्ड सांगून लिहितात. आपल्यासारखं कार्ड असलेला माणूस सापडला की निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट आमच्यासारख्या एकत्र कुटुंबाची. २०२४ पासून स्टीमवर एका घरातले सहा जण आपापल्या गेम एकमेकांना खेळू देऊ शकतात. मी एक गेम खेळत असताना पुतणी माझ्याच खात्यातली दुसरी गेम खेळू शकते. एकच प्रत दोघांना एका वेळी चालत नाही, ते ठीकच आहे. पण एक अट मी पोराला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवली: माझ्या प्रतीवर खेळताना त्यानं ऑनलाइन चीट केलं आणि बंदी आली, तर त्या गेममध्ये माझ्यावरही बंदी येते. काकाची अब्रू तुझ्या हातात आहे, एवढंच म्हणालो. तो गंभीर झाला. बरं वाटलं.

पण कुलूप? ते स्टीमवर आहे. तिथं आपण गेम विकत घेत नाही, ती वापरायचा परवाना घेतो, आणि खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. तिथल्याही काही गेम स्टीम बंद ठेवून चालतात, पण कुठल्या ते आधी कळणं अवघड. एरवी ऑफलाइन मोड, म्हणजे नेटशिवाय खेळायची सोय, आहे आणि तो मी वापरतो. गेल्या उन्हाळ्यात पाइपलाइनसाठी रस्ता खणताना आमच्या गल्लीची फायबर तुटली, चार दिवस नेट नव्हतं. बाहेर ४३ अंश, पोरं घरात, आणि ऑफलाइन मोडनं तेव्हा तारून नेलं.

एपिकबद्दल थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०१८ मध्ये आलं. गेम बनवणाऱ्यांकडून १२ टक्के घेऊ म्हणालं, तेव्हा स्टीमचा नेहमीचा वाटा ३० टक्क्यांचा होता. बनवणाऱ्याच्या हातात जास्त पैसे पडतात हे मला मनापासून पटतं. मागावर बसणाऱ्याला किती आणि पेढीवर बसणाऱ्याला किती, हा हिशेब सोलापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आणि दर गुरुवारी फुकट गेम. मे २०२० मध्ये लॉकडाउनमध्ये जीटीए ५ फुकट दिली तेव्हा गर्दीनं साइटच झोपली होती. आपल्याकडे गुरुवारी रात्री साडेआठला नवी गेम येते, थंडीत साडेनऊला. पुतणी ते नेमानं करते, तिच्या खात्यात शंभराच्या वर गेम साठल्यात. परताव्याचे नियम स्टीमसारखेच. पण लोकांनी लिहिलेली परीक्षणं नाहीत, आणि आमच्या मशीनवर ते ॲप जड चालतं. फुकट मिळतंय तोवर घ्यावं, पैसे घालायला मी तिकडे जात नाही.

जीओजीबद्दल मात्र मला सावकाश सांगायचंय. २००८ साली पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं हे सुरू केलं, जुन्या चांगल्या गेम नव्या मशीनवर चालत्या करून विकायच्या म्हणून. तिथल्या गेमला कुलूप नसतं. गेम घेतली की तिचा इन्स्टॉलर, म्हणजे गेम मशीनवर बसवणारी फाइल, उतरवून घ्यायचा, हार्ड डिस्कवर ठेवायचा, संपलं. मोठी गेम असली तर ४ जीबीचे तुकडे करून देतात, त्यामुळे एकेक तुकडा जुन्या पेनड्राइव्हवरही नेता येतो. उद्या खातं गेलं, दुकान बुडालं, नेट तुटलं, तरी फाइल चालते. माळ्यावरच्या कार्डांसारखी. परतावा ३० दिवसांचा, खेळलेली असली तरी.

कॉलेजात असताना सात रस्त्याजवळच्या एका सायबर कॅफेत आम्ही 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' खेळायचो. १९९९ ची गेम. एकाच कॉम्प्युटरवर चौघं, पाळीपाळीनं. आपली पाळी झाली की खुर्चीतून उठून बाहेर चहाला जायचं, कारण दुसऱ्याचा नकाशा बघायचा नाही असा करार होता. ती पुन्हा घ्यायची ठरवली तेव्हा दोन्ही दुकानं तपासली. स्टीमवर २०१५ ची नवी, चकचकीत आवृत्ती आहे, पण तिच्यात नंतरचे दोन विस्तार, म्हणजे गेमला मागाहून जोडलेले भाग, नाहीत, कारण त्यांचा प्रोग्राम ज्यात लिहिला तो मूळ कोडच हरवला असं प्रकाशकांनी सांगितलं होतं. जीओजीवर जुनी आहे, पण पूर्ण, विस्तारांसकट. सेलमध्ये अडीच डॉलरला मिळाली. कोड हरवतो, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. एवढ्या लोकांनी डोक्यावर घेतलेली वस्तू, आणि बनवणाऱ्यांकडेच तिची कार्डं नाहीत.

जीओजीचे तोटेही आहेत. रुपयांत किंमत नाही. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करावे लागतात. २०२० मधल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानंतर नव्या कार्डांवर ते बंदच येतात. वर बँक चलन बदलण्याचे दोन-साडेतीन टक्के लावते आणि त्या रकमेवर जीएसटी. मोठ्या नव्या गेम तिथं उशिरा येतात किंवा येतच नाहीत.

ह्या तिघांशिवाय गेम खात्यात चालू करायचे नुसते कोड स्वस्तात विकणाऱ्या साइटी आहेत. तशा एका साइटवरून मी एकदा साडेतीनशेला कोड घेतला, तीन आठवड्यांनी गेम खात्यातून गायब. तो कोड मुळात कुणाचा होता कोण जाणे. पोराला तिकडे फिरकूही नको म्हणून सांगितलंय.

आणि कुठल्याही दुकानातून घेतली तरी एक गोष्ट बघायचीच: गेम सदानकदा ऑनलाइन लागते का? 'द क्रू' ही गाड्यांच्या शर्यतीची गेम २०१४ मध्ये आली. एकट्यानं खेळायचं म्हटलं तरी तिला सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केला आणि पैसे भरलेल्या सगळ्यांची गेम संपली. तिथं दुकान बिचारं काय करणार.

शेवटी पोरानं काय केलं ते सांगतो. मित्रांबरोबर खेळायची एक गेम स्टीमवरून घेतली, कारण मित्र तिथंच आहेत, आणि ते कारण मला पुरेसं वाटलं. उरलेल्या पैशांत 'स्टारड्यू व्हॅली' जीओजीवरून घ्यायला लावली, माझ्या कार्डावरून. एकट्या माणसानं बनवलेली ही शेतीची गेम दोन्ही दुकानांत मिळते, आणि दोन्हीकडे मिळत असेल तर मी बिनकुलुपाचीच घेतो. इन्स्टॉलर हार्ड डिस्कवर टाकला, फोल्डरला त्याचं नाव दिलं. दादाला बोलावून ती हार्ड डिस्क हातात दिली. त्यानं उलटीपालटी करून बघितली, "ही होय" म्हणाला आणि परत दिली.

आणखी एक. पुण्याच्या नॉडिंग हेड्स ह्या स्टुडिओची 'राजी' २०२० साली आली, तेव्हा ती मी सेलची वाट न बघता पूर्ण किमतीला घेतली होती. आपल्या दगडी देवळांतून फिरणारी पोरगी गेममध्ये बघायला मिळेल असं सायबर कॅफेत बसून कधी वाटलं नव्हतं. ती आता पुतणी खेळतेय. बाकी यादी स्टीमच्या डिसेंबरच्या सेलसाठी ठेवलीय. तो सेल सरतो तेव्हा आमच्या गड्ड्याच्या जत्रेची तयारी सुरू झालेली असते, आणि मग पोरांना घरात बसवायला कुठलीच गेम पुरत नाही.