पोटरीला तिकडे बटाटा म्हणतात

तर झालं असं की आमच्या टीमचे तीन जण साओ पाउलोत बसतात. आपल्याकडे संध्याकाळचे 6 वाजले की त्यांचे सकाळचे साडेनऊ, म्हणजे मी काम उरकून जिमला पळायच्या घाईत आणि ते जिम करून आलेले, फ्रेश. कॉलची पहिली पाच-सात मिनिटं हेच, कोणी किती उचललं आणि कोणाचं काय दुखतंय. पहिल्याच आठवड्यात एक जण म्हणाला आत्ताच 'आकादेमिया'तून आलो, आणि मी पडले इंदूरची, कोचिंगच्या पाट्या वाचत मोठी झालेली, विचारलं कुठला सब्जेक्ट? ब्राझीलमध्ये आकादेमिया म्हणजे चक्क जिम. (पोर्तुगालमध्ये म्हणे झिनाझिउ.)

मग पोर्तुगीज शिकायचा नादच लागला. रोज दोन वाक्यं, तीही फक्त जिमची, 'सफरचंद लाल आहे' शिकून मी कोणाला सांगणार.

सगळ्यात कामाचं वाक्य 'पॉसु हेवेझार?', आलटून-पालटून करूया का, तुझा सेट झाला की माझा, मग परत तुझा. शब्दाच्या सुरुवातीचा र ते ह म्हणतात, त्याची सवय व्हायला वेळ लागतो. आमच्या जिममध्ये बेंच एकच, त्यावर कोणीतरी मोबाइल बघत बसलेला, आणि आपण शेजारी उभं राहून घसा खाकरत राहायचं. 'क्वांतास सेरीस फाल्तांव?' म्हणजे किती सेट राहिले. हे मी आमच्या ट्रेनरला विचारून बघितलं तर तो म्हणे, दीदी, पानी पी लो.

व्यायाम करणं याला 'माल्यार', मुळात घणानं लोखंड ठोकणं. हे एकदम पटलं. आणि हडकुळ्या पोराला 'फ्रांगु', म्हणजे कोंबडी!

एकदा लेग डेच्या दुसऱ्या दिवशी मी ऐटीत म्हणाले 'तो केब्रादु', मोडलोय, आपण अंग मोडून आलंय म्हणतो तसंच. पलीकडे सगळे हसायला लागले. बाईनं 'केब्रादा' म्हणायचं असतं. गेलो-गेले करणाऱ्या मराठी माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं ना, पण मी टीममधल्या एका मुलाचंच वाक्य जसंच्या तसं उचललेलं. शिवाय केब्रादु म्हणजे खिशानं कंगालही, तेही महिनाअखेरीला काही खोटं नव्हतं.

खरी मजा लॉकरपाशी. किल्ली म्हणजे 'शावी', आपली चावी. लॉकर 'आर्मारिउ', आमच्याकडची अलमारी. टॉवेल 'तुआल्या', इथला तौलिया. हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आलेत, मी आपली अ‍ॅपवर नव्यानं पाठ करत बसलेली. आणि पोटरी म्हणजे 'बताता दा पेर्ना', पायाचा बटाटा! स्वतःची पोटरी आवळून बघा, काय चुकीचं आहे सांगा. आपण बटाटा त्यांच्याकडून घेतला आणि फक्त भाजीत घातला.

परवा जिना एकेक पायरी धरून उतरत स्वयंपाकघरात गेले, आईला म्हटलं, अगं बटाटे भयंकर दुखतायत, आणि मग सगळं समजावून सांगितलं, पोर्तुगीजपासून पोटरीपर्यंत. तिनं पूर्ण ऐकून घेतलं, कुकरमधले उकडलेले काढून माझ्यापुढे ताट सरकवलं.

"दुखतायत ना, मग खाली बसून सोल."