फोटो नॉर्मल, गुडघा टम्म

"फोटोत काही नाही म्हणाले," असं सांगत आईने अकरा वर्षांच्या पोराला उचलूनच ओपीडीत आणलं. तिसरा दिवस. कबड्डीत चढाईवर असताना घोट्याला पकड बसली, अंग फिरलं, पाय तिथेच राहिला. डावा गुडघा टम्म सुजलेला. मालीशही करून झालं होतं.

सोबत एकच एक्स-रे, समोरून काढलेला. मोठ्यांचं एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारं गुडघ्यातलं लिगामेंट, बहुधा मधूनच तुटतं. या वयात पुष्कळदा लिगामेंट टिकतं आणि ते नडगीच्या माथ्यावर जिथे चिकटलेलं असतं, तो हाडाचा तुकडाच उखडतो. समोरच्या फोटोत तो सहज निसटतो. नेमका बाजूने काढलेला फोटो लागतो.

आधी गुडघ्यातून 45 मिली रक्त काढलं. स्टीलच्या वाटीत थोडा वेळ ठेवल्यावर वर पिवळे थेंब जमले, मिसळीवरच्या तर्रीसारखे. ही मज्जेतली चरबी, म्हणजे हाड फुटलंय. बाजूच्या फोटोत तुकडा पूर्ण सुटून वर आलेला दिसला. जागेवर असता तर प्लास्टरवर भागलं असतं.

दुर्बिणीने आत गेल्यावर कळलं, तो परत बसत का नव्हता. गुडघ्यातल्या दोन्ही गाद्यांना (मेनिस्कस) समोरून जोडणारा पट्टा तुकड्याखाली अडकला होता. हुकाने तो पुढे ओढून धरला, खड्ड्यातली गुठळी खरवडली, तेव्हा तुकडा बसला. एसीएलच्या बुंध्यातून दोन धागे ओवले, नडगीतल्या 2 मिमीच्या दोन भोकांतून खाली काढले आणि पुढे हाडावर गाठ मारली. ही भोकं वाढीच्या चकतीतून, म्हणजे हाड जिथून लांबीने वाढतं त्या कूर्चेच्या थरातून जातात, म्हणून ड्रिल बारीक आणि धागे विरघळणारे. चकती ओलांडून स्क्रू गेला तर तिथली वाढ अडकून पाय वाकडा किंवा आखूड होऊ शकतो.

मला खरी धास्ती असते ती गुडघा आखडण्याची. दीड महिना प्लास्टरमध्ये ठेवून मग भूल देऊन जोराने वाकवायला जावं, तर मांडीच्या हाडाची चकतीच मोडायची. म्हणून दहाव्या दिवशी ब्रेसमध्ये 30 अंशांपासून सुरुवात केली, सहाव्या आठवड्यापर्यंत 90. "हाड जुळायच्या आत हलवायचं?" आईला काही ते पटेना.

बाराव्या आठवड्यात गुडघा पूर्ण वाकतो, पूर्ण सरळ होतो. नडगी पुढे ओढून एसीएल किती घट्ट आहे ते पाहतात, त्या लॅकमन चाचणीत डावा किंचित सैल लागतो, कारण तुकडा उखडण्याआधी लिगामेंटही थोडं ताणलेलं असतं. त्याला ते जाणवत नाही. कबड्डी अजून बंद आहे, आणि त्यावरून तो माझ्यावर रुसलाय.