अपेंडिक्स समजून पोट उघडलं, निघालं वेगळंच

अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा भरली होती, त्यामुळे पोराच्या पोटदुखीचं खापर सगळ्यांनी यात्रेतल्या खाण्यावर फोडलं. "आजी, पोट दुखस," एवढंच तो म्हणत होता. माझ्या आईने दृष्ट काढली. रात्री उलटी झाली ती हिरवीगार. ती पाहून आमच्या डॉक्टरांनी साधं इंजेक्शनसुद्धा दिलं नाही. म्हणाले, "हिरवी उलटी म्हणजे सर्जनचं काम. थेट जळगाव गाठा." त्यांचे उपकार कसे फेडू?

जळगावला सोनोग्राफीत उजवीकडे खाली पाणी साठलेलं दिसलं, अपेंडिक्स मात्र स्पष्ट दिसेना. सही घेताना सर्जन म्हणाले, "अपेंडिक्स चांगलं निघालं तर आतडंही तपासू. वेळ पडली तर तुकडा काढून जोडावा लागेल."

अपेंडिक्स खरंच चांगलं निघालं. मग त्यांनी लहान आतडं त्याच्या शेवटाकडून मागे, बोटांनी चाचपत तपासलं. साधारण दोन फुटांवर आतड्याच्या बाजूला एक पिशवी निघालेली होती. मेकेल डायव्हर्टिक्युलम. गर्भात बेंबीकडून आतड्याकडे जाणारी एक नळी असते, ती जन्माच्या कितीतरी आधी विरून जायला हवी. शंभरातल्या सुमारे दोघांत तिचा थोडा भाग उरतो आणि बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. त्रास झालाच तर मुलांत सहसा शौचातून रक्त जातं किंवा आतडं अडतं. आमच्या पोराची पिशवी मात्र देठाशीच पीळ बसून सडली होती. असं फार क्वचित होतं म्हणे. ट्रेमध्ये आणून दाखवली: काळीनिळी, बोटभर लांब, देठाशी दोरीसारखा पीळ. आतड्याच्या तेवढ्या तुकड्यासकट काढली होती.

ऑपरेशनपेक्षा नंतरचे दिवस कठीण गेले. नाकात नळी, तोंडाने काही नाही. पोरगं पाणी मागायचं आणि आम्ही ओल्या कापसाने ओठ पुसायचो. राउंडला एकच प्रश्न: "गॅस पास झाला का?" म्हणजे आतडं पुन्हा चालू झालं का. झाला तेव्हा त्याच्या आईला रडू कोसळलं. मग चमच्याने पाणी, मग भाताची पेज.

सुट्टी देताना सांगितलं, ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटू शकतात. पुढे कधीही पोट फुगून उलट्या झाल्या तर थांबायचं नाही. कागदांची एक झेरॉक्स त्याच्या मामाकडे धुळ्याला ठेवली आहे, सुट्टीत तो तिकडेच असतो.