माचणूरच्या काळ्या रानात जुनी नाणी शोधताना

सोलापुरातून मंगळवेढ्याच्या रस्त्यानं चाळीसेक किलोमीटर गेलं की बेगमपूरला भीमा आडवी येते. पूल ओलांडला की माचणूर. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी इथंच, ब्रह्मपुरीला होती. एवढ्या लष्करामागं बाजार आलाच, म्हणून या पट्ट्यात मुघल नाण्याची आशा धरता येते. किल्ला, सिद्धेश्वराचं देऊळ आणि घाट इथं मात्र मशीन, म्हणजे मेटल डिटेक्टर, गाडीतच राहू द्यावं. आम्ही मालकाला विचारून एका मोकळ्या रानात उतरलो.

हंगाम चुकला तर सगळी मेहनत वाया. इकडची ज्वारी रब्बीची. मार्चनंतर रानं रिकामी होतात, पण उन्हानं काळी जमीन खोल भेगाळते आणि नाणी भेगांतून खाली सरकतात. मशीनच्या टोकाच्या अकरा इंची कॉइलला (जमिनीवरून फिरवायच्या चकतीला) रुपयाएवढं नाणं १५-२० सेंटिमीटरपर्यंत नीट कळतं, त्याखाली भरवसा नाही. जूनचे दोन-तीन पाऊस होऊन कुळवणी झाली आणि वाफसा आला की यावं. त्याआधी चिखलात खुरपंसुद्धा चालत नाही.

ही माती बेसॉल्टची, तिच्यात मॅग्नेटाइट भरपूर, त्यामुळं मशीन सुरू करताच कुरकुरतं. धातू नसलेली जागा बघून कॉइल जमिनीपासून ५ ते ३० सेंटिमीटर वर-खाली करत, आवाज शांत होईपर्यंत ग्राउंड बॅलन्स लावायचा, म्हणजे मशीनला मातीचा आवाज सोडून द्यायला लावायचं. मुरमाड पट्टा लागला की पुन्हा. सेन्सिटिव्हिटी (मशीनची संवेदनशीलता) पूर्ण वाढवली तर इथं खोली वाढत नाही, गोंगाटच वाढतो.

बैलांच्या खुरांना ठोकायच्या पत्र्या, खिळे आणि गुटख्याच्या पुड्या फार. पत्रीसारखं चपटं लोखंड नाण्यासारखाच उंच सूर देतं. नव्वद अंशांत वळून पुन्हा कॉइल फिरवावी: नाण्याचा सूर तसाच राहतो, लोखंडाचा तुटतो. खुणेपासून दहा सेंटिमीटर सोडून खणावं, नाहीतर खुरप्याचा ओरखडा थेट नाण्यावर बसतो.

ओळख पटवायला दागिने तोलायचा काटा आणि भिंग हवं. मुघल रुपया साधारण ११.४ ग्रॅमचा. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यानं टांकसाळीचं नाव बरेचदा कडेबाहेर जातं. तरी ‘जुलूस’, ‘मैमनत मानूस’ ही फारसी अक्षरं सापडली तर ती मागची बाजू. छावणीच्या काळातलं नाणं असेल तर हिजरी साल ११०६ ते ११११ मध्ये बसायला हवं. शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्यावर, शिवराईवर, एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. शिवराई पुढं एकोणिसाव्या शतकापर्यंत ठिकठिकाणी पडत राहिली, वजनं एकसारखी नाहीत. अक्षरांची घडण पाहिल्याशिवाय ती शिवकालीन म्हणू नये. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा मात्र यंत्रावरचा, ६.४७ ग्रॅमचा, झिजला-गंजला तर थोडा हलका भरतो.

घरी चिंच, लिंबू, राख काही लावू नका. हिरवट थर गेला की त्याखालची अक्षरंही जातात. डिस्टिल्ड पाण्यात भिजवून लाकडी काडीनं माती सोडवावी, एवढंच. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं इतरांपासून वेगळं, कोरडं ठेवावं.

जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ऐवजाची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८ च्या निखात निधी कायद्यानं बंधनकारक आहे. त्यात काय सापडलं, कुठं आणि कोणत्या तारखेला, हे लिहावं लागतं. तेव्हा खड्डा बुजवण्याआधीच जागेचा फोटो, खोली आणि गट नंबर वहीत उतरवून घ्यावा.